सामुराई टोप, काठीचा मार सोसणारा, ४००० रुपयांत होतो का? (सोलापूर)

पूर्वभागातला रोनिन

मंडळी, नमस्कार. आम्ही सहा जण रविवारी सकाळी काठ्या घेऊन खेळतो. वेताची काठी, वर फोम, त्यावर कापडी टेप. सुरुवात लाठीकाठीने झाली, आता ज्याने त्याने आपापलं सोंग धरलंय. एक मावळा आहे, एक युरोपातला शिलेदार, आणि मला सामुराईचं याड लागलंय. म्हणून काबुटो हवाय. मानेवर पट्ट्या लोंबतात ना, तो टोप.

बोनस झाल्यावर एक ऑनलाइन मागवला होता. फोटोत झकास. हातात आल्यावर अंगठ्याने दाबला तर पत्रा टक् करून आत गेला आणि टक् करून बाहेर आला, तेलाच्या डब्यासारखा. तरी घातला. पहिल्याच रविवारी कानाच्या वर काठी बसली. टोपाला वाटीएवढा पोचा, मला टेंगूळ. आत अस्तर म्हणून कापडाची एक पट्टी, बस्स. आता तो टीव्हीशेजारी असतो, आई त्यात किल्ल्या टाकते.

अक्कलकोट रोडला एक ग्रिलवाला ओळखीचा आहे. "डिझाइन आण, वाकवून देतो" म्हणतो. पत्रा किती गेजचा घ्यायचा? आकार कुठला? आणि जुन्या बाइकच्या हेल्मेटवरच पत्रा चढवला तर?

शेंगाचटणी

मालक, आईची बिर्‍याणीची कढई उलटी घाला. मार टोपाचा नाही, आईचा बसेल. 😄

घणवाला

कढईवर हसू नका, माझा पहिला टोप कढईचाच होता. उथळ पडतो, कपाळ झाकलं की मागची कवटी उघडी. सोडून दिला. वीस वर्षं डेंटिंगचं काम केलंय, आतापर्यंत चार टोप ठोकलेत, त्यावरून सांगतो.

बाइकचं हेल्मेट नको. त्यातला थर्माकोल एकदाच चेपायसाठी असतो. चेपला की परत फुगत नाही, वरून काही कळतही नाही. तुम्हाला तर एका सकाळी तीस फटके बसणार. शिवाय त्यावर पत्रा चढवला की माणूस भोपळ्यासारखा दिसतो.

१६ गेजपेक्षा पातळ पत्रा घेऊ नका, म्हणजे १.६ मिमी. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड. माथ्याला १४ (२ मिमी) मिळाला तर उत्तम. अमेरिकेत १९६६ पासून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम नावाची संस्था आहे, तेही वेतानेच खेळतात. त्यांच्याकडे टोपाला किमान १६ गेज पोलाद लागतं. तुमचा ऑनलाइनवाला २० च्या आसपास असणार, त्यापेक्षा घमेलं बरं. एमएसचे (साध्या पोलादाचे) कटपीस किलोवर घ्या. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा फुकट दिला तरी नको. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. मी एकदा बंद शेडमध्ये केलं, रात्री हुडहुडी भरून ताप. दुसर्‍या दिवशी कामाला गेलो नाही.

आता आकार. साठ-बासष्ट पट्ट्यांचे, उभ्या कण्यांचे काबुटो बघून जीव जळतो, माहीत आहे. पण त्या वाटेला जाऊ नका. 'झुनारी' बघा. नावाचा अर्थच डोक्याच्या आकाराचा. कपाळापासून मागे जाणारी एक रुंद पट्टी, दोन बाजूला दोन पाकळ्या, खाली कंबरपट्टा, पुढे छज्जा. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर बंदुका उतरल्या, लढाया मोठ्या होत गेल्या, आणि झटपट बनणारा, मजबूत टोप म्हणून हाच जपानभर पसरला. म्हणजे तुमचं बजेट मॉडेल अस्सलच आहे.

डोक्याचा घेर मोजा. माझा ५७ सेमी. आत १२ मिमीचा फोम बसवायचा तर घेर साडेसात सेमीने वाढतो, म्हणून टोपाचा घेर ६५ धरला. हे गणित पहिल्या खेपेला चुकलं आणि टोप डोक्यावर टोपीसारखा तरंगत राहिला.

पाकळ्यांना खोलवा असा द्या: बाभळीच्या ओंडक्यात ताटलीएवढा खड्डा कोरा, पत्रा त्यावर धरा, गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडून मध्याकडे गोल गोल हलके ठोके. घाई केली की कडेला झालर येते. झालर आली की लगेच सपाट करा, दुमडू देऊ नका, तिथेच पत्रा फाटतो.

आता पैसे वाचवायची जागा. मानेवरच्या पट्ट्या (शिकोरो) पत्र्याच्या नकोत, निळ्या प्लास्टिक ड्रमच्या कापा. आपल्याकडे डाइंगवाल्यांकडे ड्रम ढिगाने पडलेले असतात, पण रसायनाचा ड्रम मानेशी नको, पाण्याचा बघा. हीट गनने वाकतो. काळा रंग आणि लाल दोरी लावली की दहा फुटांवरून लाखेचं काम वाटतं. दोरी 'सुगाके' पद्धतीने ओवा, म्हणजे लांब लांब जोडीने भोकं. दाट विणायला बसलात तर गड्ड्याची जत्रा येऊन जाईल.

चेहर्‍यासाठी ६ मिमीच्या सळईची जाळी करा, सळई ग्रिलवाल्याकडे असतेच. फटीतून इंचाचा दांडा आत जाता कामा नये. जपानी मेंपो (तोंडावरचा मुखवटा) देखणा असतो, पण डोळे उघडे ठेवतो. तो सळईच्या पुढे शोभेला लावा.

शिंगं-चंद्र काय हवं ते कागदाच्या लगद्याचं करा आणि खुंटीवर नुसतं बसवा, फटका बसला की निघून पडलं पाहिजे. जपानी लोकही साध्या झुनारीवर लाकूड-कागद-लाखेचे चमत्कारिक आकार चढवायचे.

पुण्यात केंडो करते

वरचं सगळं पटलं. केंडोचा (जपानी काठी-तलवारबाजीचा) जुना 'मेन', म्हणजे जाळीचा टोप, घ्यायचा मोह होईल, म्हणून सांगते: तो शिनाई नावाच्या बांबूच्या हलक्या तलवारीसाठी आहे आणि डोक्याच्या मागे उघडा असतो. वेतापुढे नको.

हनुवटीचा पट्टा एकाच जागी अडकवू नका. चार जागी धरला तरच टोप फिरत नाही. टोप फिरला की सळई डोळ्यासमोरून हलते आणि पुढचा फटका आंधळा. आम्ही मेनखाली तेनुगुई नावाचं सुती कापड बांधतो. सोलापूरकरांनी जपानी कापड विकत घेतलं तर हसू होईल. घरातला पातळ नॅपकिन बांधा. उन्हाळ्यात दोन न्या, एक ओला.

पूर्वभागातला रोनिन

तीन आठवड्यांनी लिहायलोय. पत्रा, सळई, मजुरी मिळून २६५० झाले. फोम योगा मॅटचे दोन थर चिकटवून केला. ड्रम शेजारच्या काकांनी दिला, गच्चीवर पाण्याला होता. वजन भरलं २ किलो ९००. काल त्याच मित्राने त्याच जागी मारलं. आवाज देवळातल्या घंटेसारखा, डोकं शाबूत. पोचा शोधला, सापडला नाही.

एकच अडचण: हात वर केला की खालची पट्टी खांद्यावर घासते, कातडी निघाली.

घणवाला

खालची पट्टी दोन बोटं कमी करा, आणि कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून चढवा. दोरी थोडी सैल ठेवा, पट्ट्या एकमेकींवर सरकल्या पाहिजेत. आणि घंटेचा आवाज येतोय म्हणजे माथ्याचा फोम कुठेतरी सुटलाय, आत हात घालून बघा.