मदत हवी आहे: तांब्यावरच्या रेणूंचं चुंबकत्व, की माझ्याच हातचा कचरा?

चाटीगल्ली
मंडळी, एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टवर अडकलेय. काचेच्या स्लाइडवर तांब्याचा पातळ थर आणि त्यावर ४० नॅनोमीटर कॉपर थॅलोसायनिन (मध्यभागी तांब्याचा अणू असलेला निळा सेंद्रिय रेणू), असा नमुना केलाय. (वडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या रंगखात्यात आहेत. फिरोजी डायमध्ये याच रेणूचा सांगाडा असतो, त्यामुळे घरी त्याची ओळख माझ्याआधीची.)

कोबाल्टसारख्या चुंबकीय धातूवर सेंद्रिय रेणू बसला की दोघांच्या इलेक्ट्रॉन-पातळ्या मिसळतात आणि दोन स्पिनांच्या (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व, वर किंवा खाली) पातळ्या वेगळ्या होतात, त्या सीमेला स्पिंटरफेस म्हणतात, एवढं वाचलंय. तांबं काही चुंबकीय नाही. पण २०१५ मध्ये लीड्सच्या गटाने तांबं आणि सी-६० (साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू) यांचे थर एकावर एक देऊन खोलीच्या तापमानाला फेरोमॅग्नेटिझम, म्हणजे लोखंडासारखं चुंबकत्व, दाखवला. सी-६० परवडेना, म्हणून मी थॅलोसायनिन घेतलं.

४ बाय ४ मिलिमीटरचा तुकडा कापून बाहेरगावी व्हीएसएमला (नमुना थरथरवून त्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र) पाठवला. काचेचा डायमॅग्नेटिक (चुंबकाला किंचित उलटा प्रतिसाद देणारा) उतार वजा केला तर ग्राफवर चक्क लूप, फेरोमॅग्नेटिझमची खूण! बारीक, पण उघडलेला. सॅच्युरेशन, म्हणजे जास्तीत जास्त चुंबकत्व, ३० मायक्रो-ईएमयू (ईएमयू हे त्याचं एकक). दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नुसती काच मोजलेलीच नाही. सर सोमवारी ग्राफ बघणार आहेत. काय सांगू?

उणे_२७३
सांगायच्या आधी हिशोब करा. थॅलोसायनिनचा एक रेणू आडवा पडला तर साधारण २ चौरस नॅनोमीटर जागा खातो. तुमच्या तुकड्यावर एका थरात ८ लाख कोटी रेणू बसतील. प्रत्येकाचा स्पिन अर्धा, म्हणजे एकेक बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या चुंबकत्वाचं एकक). सगळे एका दिशेला उभे केले तरी ०.०७ मायक्रो-ईएमयू. अख्खी ४० नॅनोमीटरची फिल्म धरलीत तरी १० च्या आसपास, आणि खोलीच्या तापमानाला ती पॅरामॅग्नेटिक, म्हणजे रेणूंचे स्पिन वाटेल तिकडे तोंड करून, तेव्हा तेही मिळणार नाहीत. तांब्याच्या वरच्या थरातल्या प्रत्येक अणूलाही एकेक मॅग्नेटॉन उदार मनाने देऊन टाका, तेवढ्याने अडीच वाढतील. ३० कुठून आणणार?

उलट बाजूने बघा. ३० मायक्रो-ईएमयूला लोखंड लागतं ०.१४ मायक्रोग्रॅम. २६ मायक्रॉनचा एक कण, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून लहान. तुकडा कशाने कापला, कशाने उचलला?

चाटीगल्ली
काच कापायच्या पेनने कापला. उचलला स्टीलच्या चिमट्याने. लॅबमधला जुना चिमटा आहे, टोकं जरा गंजलेली. हे टाइप करतानाच पोटात गोळा आला.

शेंगाचटणी
गंजलेला चिमटा! झालं मग. अगं, काचेच्या कडेला चिमटा घासला की कण तिथंच चिकटतात. पातळ फिल्मच्या मापात हा रोग जुना आहे, भल्याभल्यांना झालाय. मोजताना लावलेली पिवळी कॅप्टॉन टेपही कधीकधी दगा देते. दुसरं म्हणजे आपली सोलापूरची धूळ. बेसाल्टची काळी माती, तिच्यात टायटॅनोमॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतंच. खोटं वाटत असेल तर चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्चीवरच्या मातीत फिरव, काळ्या मिशा फुटतील. खिडकी उघडी ठेवून नमुने वाळवलेस ना उन्हाळ्यात?

चाटीगल्ली
वाळवले. 😐
मग तांब्याऐवजी कोबाल्ट घेऊ का? तिथे परिणाम पक्का असतो ना? २००७ मध्ये कोबाल्ट आणि निकेलवर लोह-पॉर्फिरिनचे रेणू बसवून दाखवलं होतं, धातूचं चुंबकन फिरवलं की रेणूचा स्पिनही त्याच्यामागून फिरतो.

उणे_२७३
परिणाम पक्का, पण व्हीएसएमला दिसायचा नाही. १ चौरस सेंटिमीटरवर ५ नॅनोमीटर कोबाल्ट म्हणजे ७०० मायक्रो-ईएमयू, त्यावरच्या रेणूंच्या एका थराचं अर्धा मायक्रो-ईएमयूसुद्धा नाही. वरातीच्या बँडमध्ये बासरी ऐकायची म्हटल्यासारखं. ते प्रयोग एक्सएमसीडी या पद्धतीने होतात, सिंक्रोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रातल्या क्ष-किरणांनी. लोहाची कड (ज्या ऊर्जेला क्ष-किरण एकदम जास्त शोषले जातात ती) वेगळी, कोबाल्टची वेगळी, तांब्याची वेगळी, त्यामुळे चुंबकत्व नेमकं कोणाचं ते कळतं. आपल्याकडे इंदूरला इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, पण तिथे वेळ मागून मिळेपर्यंत तुमचा निकाल लागून गेलेला असेल.

सध्या जमण्यासारखं सांगतो. चार तुकडे करा: नुसती काच, काच अधिक तांबं, काच अधिक थॅलोसायनिन, आणि दोन्ही. एकाच दिवशी, एकाच हाताने, धातूचा चिमटा न लावता. पाचवा तुकडा नुसत्या काचेचा घ्या आणि तो मुद्दाम त्या गंजक्या चिमट्याने धरा. खरा परिणाम सीमेचा असेल तर थरांच्या जोड्या वाढवल्या की सिग्नल त्याच प्रमाणात वाढेल. कचरा असा शिस्तीत वाढत नाही.

चाटीगल्ली
पाचवा तुकडा मस्त! सरांना सोमवारी लूप आणि हा हिशोब दोन्ही दाखवते, ओरडा खाऊ. पण प्लास्टिकचा चिमटा इथे कुठे मिळेल? ऑनलाइन मागवला तर आठवडा जाईल.

शेंगाचटणी
मेडिकलमध्ये डिस्पोझेबल ड्रेसिंग किट माग. त्यात येतो.