दही सेट, पोरगा सेट, स्थळ सेट: मराठी क्रियापदं गेली कुठं?

कन्ना चौकातला मास्तर
मी सोलापुरात पूर्व भागात इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. परवा आठवीतल्या एका पोराच्या वहीत वाक्य सापडलं: 'जेली फ्रीजमध्ये मावळली.' चूक त्याची नव्हतीच. आदल्या आठवड्यात मीच फळ्यावर लिहून दिलं होतं, सेट म्हणजे मावळणे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या एवढ्याशा शब्दाचे ४३० च्या आसपास अर्थ दिलेत. आता मराठीत बघा. सूर्य मावळतो, जेली थिजते, मोडलेलं हाड बसवतात, टेबलावर ताटं मांडतात, गजर लावतात, सापळा लावतात, हिरा जडवतात, दर ठरवतात, छापखान्यात खिळे जुळवायचे. तिकडं सगळीकडं एकच सेट. इतकी क्रियापदं घरात असताना आपण काय बोलतो? दही सेट झालं का, पोरगा पुण्यात सेट झाला, स्थळ सेट झालं, पदर सेट कर. अरे, दही लागतं, पोरगा मार्गी लागतो, सोयरीक जमते, पदर नीट करतात! इंग्रजीची गरिबी आपण श्रीमंती समजून उसनी घेतोय, असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

बाळीवेसकर
शंभर टक्के पटलं. काल सुनेनं विचारलं, 'आई, पडदे सेट करू का?' मला कळेना, लावू म्हणते का सरळ करू म्हणते का धुवायला काढू म्हणते.

जॉबरचा पोरगा
मास्तर, राग मानू नका, पण तुमच्याच पोस्टमध्ये गजर लावतात, सापळा लावतात, दही लागतं, पोरगा मार्गी लागतो. चार ठिकाणी एकच धातू! आता पुढं मोजा: दिवा लावणे, झाड लावणे, दार लावणे, लग्न लावणे, सवय लावणे, रंग लावणे, शिकवणी लावणे, वाट लावणे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, आग लागते, वेड लागतं. सेट गरीब असेल तर आपलं 'लावणे' कुठलं सावकार?

कोशातला किडा
मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'लागणें' काढून बघा, नोंद लवकर संपत नाही.

आणि ४३० चा आकडा ऐकून दबून जाऊ नका. 'बसवणे' या अर्थाचा सेट हा 'सिट'चा प्रयोजक, म्हणजे बसणे-बसवणे अशीच जोडी. समूह या अर्थाचा सेट मात्र जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन. दोन वेगळ्या घरची माणसं एका आडनावाखाली राहतात. आपल्याकडं समईतली वात आणि वैद्यांचा वात यांचं असंच आहे, पहिली 'वर्ति'वरून आली, दुसऱ्याचा वर्तीशी काही संबंध नाही. शिवाय सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द म्हणून सेटचा जो पहिला नंबर होता, तोही गेलाय. ऑक्सफर्डवाल्यांनी 'रन'ची नोंद नव्यानं लिहिली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, ही २०११ ची बातमी.

कन्ना चौकातला मास्तर
@जॉबरचा पोरगा, लावणे मान्य. पण ते आपल्या मातीत वाढलंय, कुठं बसतं ते पोराला शिकवावं लागत नाही. माझे वडील मागावर होते. त्यांच्या बोलण्यात ताणा, बाणा, फणी, धोटा, प्रत्येक कामाला वेगळा शब्द. त्यांना 'सेट' लागला नाही कधी.

जॉबरचा पोरगा
लागला नाही? माझा बाप तीस वर्षं जॉबर होता, म्हणजे माग जुळवून चालता ठेवणारा, लागत होता का नाही ते मला विचारा. ताण्याचे, म्हणजे उभे दोरे वर-खाली होऊन मधे वाट उघडते, त्या क्षणीच आडवा दोरा नेणारा धोटा सुटायला पाहिजे. जरा उशीर झाला तर दोरे तुटतात, नाहीतर धोटा मागाबाहेर उडतो. आमच्या शेजारच्या काकांच्या कपाळावर त्याची खूण होती. हे जुळवायला बाप मागाखाली आडवा व्हायचा, पाना फिरवायचा, हातानं चाक एक फेरा ओढायचा, कान देऊन ऐकायचा, परत पाना. मग उठून हात पुसत म्हणायचा, 'झाला सेट.' या सगळ्याला तुम्ही कुठला मराठी शब्द देता? जुळवणे? जुळवलेला माग परत बिघडतो, सेट झालेला महिनाभर चालतो. हा फरक त्या शब्दात आहे.

आणि बीम, बॉबिन, पिकर, जॉबर ही काय ज्ञानेश्वरीतली नावं आहेत? १८७७ ला जुनी मिल उभी राहिली, यंत्रं आली, पाठोपाठ शब्द आले. त्याच्या आधी घरोघरी 'मग्गम' म्हणजे हातमाग होतंच, शब्द तेलुगूतला. सोलापुरात शुद्ध शोधायला निघालात तर उपाशी मराल बे.

शेंगा चटणी
मुळात आपलं सोलापुरी वाक्यच 'लागणे'वर उभं आहे. 'काय करायलास बे?' म्हणजे मला वाटतं 'करायला लागला आहेस'चाच आखडलेला अवतार. पुण्यातली मैत्रीण हसते, हसू दे.

बाळीवेसकर
ते सगळं खरं, पण माग आणि पदर एकच का? जॉबरनं म्हटलेला सेट मला चालतो. बीम, बॉबिन येऊ देत, वस्तू आली की नाव येणारच. पण 'बीम चढवला, बॉबिन भरली, दोरा सांधला' यातली क्रियापदं आपली राहिली होती. आता चढवला, भरली, सांधला सगळं जाऊन 'सेट केला' झालंय. माझं दुखणं एवढंच आहे, आणि मास्तरांचंही तेच असावं.

कन्ना चौकातला मास्तर
अगदी तेच. मला मांडता आलं नव्हतं.

गवंडीकाम
आमच्यात स्लॅब सेट झाला म्हणतात, 'आवळला' पण म्हणतात. दोन्ही एक नाही हो. आवळायला लागला म्हणजे आता थापीनं हलवू नका. साध्या सिमेंटची पहिली पकड ३० मिनिटांच्या आत यायला नको आणि शेवटची ६०० मिनिटांच्या पुढं जायला नको, असा नियमच आहे. मराठी शब्द पहिल्यासाठी, इंग्रजी शेवटच्यासाठी. कुणी ठरवलं नाही, साइटवर झालं आपोआप.

जॉबरचा पोरगा
घ्या मास्तर! पाहुणा येऊन घरातल्याला मदत करतोय.

बाळीवेसकर
सुनेच्या पडद्यांना कुठली मदत झाली ते सांगा.

शेंगा चटणी
सेट डोशाचं काय करायचं? 'संच डोसा' मागितला तर वेटर मालकाला बोलावून आणेल.

कोशातला किडा
संच नववीच्या गणितात ठीक आहे. डोशाला नको.

कन्ना चौकातला मास्तर
काल वर्गात सेटची सगळी यादी फळ्यावर लिहून दिली. मग म्हटलं उलटं करून बघू, मराठीतून इंग्रजी. वाक्य दिलं, 'आईने दार लावले.' जेलीवाल्या पोरानं सगळ्यात आधी वही आणून दाखवली: 'मदर प्लांटेड द डोअर.'

@जॉबरचा पोरगा, तुमचं नाव घेतलं नाही वर्गात, पण आठवण आली.