मदत हवी आहे: दूध-साखर सोडून कुणाचे पिंपल्स गेलेत का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकच्या सिडकोत राहते, वय २६. हनुवटीवर ठणकणारे मोठे पिंपल्स येतात, जाताना काळा डाग ठेवून जातात. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, क्रीम चालू ठेव आणि साखर, मैदा, दूध कमी करून बघ. गोडानं इन्सुलिन वाढतं, त्यानं त्वचेतलं तेल वाढतं. तर्रीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, पण घरी आई सगळा दोष तर्रीलाच देते!

५ आठवडे झाले. बिस्किटं, पाव बंद, चहा कोरा. रविवारी सगळे मखमलाबाद रोडला मिसळीला गेलो, तर मी पाव बाजूला सारून नुसती मटकी आणि रस्सा चमच्यानं खाल्ला. समोर गरम जिलबी! कपाळ जरा निवळलंय, हनुवटी तशीच.

दूध सोडलेल्यांनी सांगा, ताक, दही, पनीरनंही त्रास होतो का? फरक दिसायला तुम्हाला किती दिवस लागले? माझे पाळीच्या आधी जास्त उसळतात, ते खाण्यानं आटोक्यात येतं का? कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि तीळ सुरू केलेत, अजून काय खाऊ?

टूथपेस्ट लावा म्हणू नका प्लीज. लावून झालंय, कातडी सोलली.