‘प्रॉपर्टी’ची किंमत ठेवणे, वाचणे, काढणे

आडवी रेघ :
दर रविवारी तालुक्याच्या गावी दहा-बारा पोरापोरींना वेबपानं बनवायला शिकवते. टिपणं मराठीत लिहिते. ‘ब्राउझर’, ‘क्लास’, ‘फाइल’ आहेत तसेच ठेवलेत, त्यावर भांडण नको. गाडं अडलंय ते कस्टम प्रॉपर्टीवर.

ज्यांचा सीएसएसशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पानावरच्या मजकुराचा रंग, समास, अक्षरांचा आकार हे सगळं सीएसएसमध्ये लिहितात. ‘कलर’, ‘मार्जिन’ अशा प्रॉपर्टींची नावं ब्राउझरला आधीपासून ठाऊक असतात. पण नावाआधी दोन आडव्या रेघा दिल्या, की पुढचं नाव आपण पाडायचं; हीच कस्टम प्रॉपर्टी. देवनागरीतसुद्धा चालतं. माझ्या टिपणात ‘--ठळकरंग’ आहे आणि त्यात ‘टोमॅटो’ आहे (हे रंगाचं अधिकृत नाव आहे बरं का, फक्त रोमन अक्षरांत लिहावं लागतं). मग पानात पन्नास ठिकाणी ‘व्हार’ लिहून कंसात ‘--ठळकरंग’ टाकायचं. उद्या रंग बदलायचा झाला तर एका जागी बदलला की काम झालं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतूनही ‘सेट-प्रॉपर्टी’ने तो बदलता येतो आणि ‘गेट-प्रॉपर्टी-व्हॅल्यू’ने विचारता येतो.

या धड्याचं शीर्षक भाषांतर करणाऱ्या एका यंत्राला घातलं. उत्तर आलं : ‘सानुकूल मालमत्ता मूल्य सेट करा आणि पुनर्प्राप्त करा’. वर्गात गंमत म्हणून वाचून दाखवलं, तर मागच्या बाकावरून आवाज, “मॅडम, सातबारा आणायचा का?”

तर ‘कस्टम प्रॉपर्टी’ला काय म्हणू, आणि ‘सेट’ व ‘गेट’ला क्रियापदं कुठली वापरू?

माजघर :
पोरगं हुशार आहे. इंग्रजीतल्या या एका शब्दात दोन वस्तू आहेत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘स्वतःचं, आपलं’. माझं शेत ते माझं आपलं, आणि मिठाचा खारटपणा तो मिठाचा आपला. मराठीने या दोन गोष्टी कधीच एका शब्दात कोंबल्या नाहीत. शेताला मालमत्ता (१८८२ चा कायदासुद्धा ‘मालमत्ता हस्तांतरण अधिनियम’च), खारटपणाला गुणधर्म. ‘पाण्याचे गुणधर्म’ शाळेत सगळ्यांनी लिहिलेत, त्यामुळे ‘गुणधर्म’ मुलांना शिकवावा लागणार नाही. फक्त लिंग सांभाळा : ती प्रॉपर्टी, पण तो गुणधर्म. एकाच परिच्छेदात दोन्ही आले की ‘तिची किंमत’, ‘त्याची किंमत’ यांचा गोंधळ उडतो.

‘सानुकूल’वर मात्र माझा राग आहे. ग्रह सानुकूल असतात, वारा सानुकूल असतो. तुमच्या दोन रेघांमागच्या नावात अनुकूल काय आहे? मेनूंमधून ‘सानुकूलित करा’ इतकं डोळ्यांवर आदळतं की आता तेच मराठी वाटायला लागलंय.

रिकामा कंस :
‘बेतलेला’ कसा वाटतो? शिंपी कापड बेततो, तसा आपल्या मापाने बेतलेला गुणधर्म.

माजघर :
शब्द सुरेख, पण इथे माप कोण घेतंय? आडवी रेघ नुसतं नाव पाडतायत. शिवाय ‘बेतलं’ म्हटलं की निम्म्या लोकांना पुढे ‘जिवावर’ ऐकू येतं. मला साधी जोडी सुचते : ‘अंगचा’ आणि ‘घरचा’. अंगचे गुण म्हणजे उपजत आलेले. ‘कलर’, ‘मार्जिन’ हे ब्राउझरचे अंगचे. आणि घरचं तूप, घरचा मसाला म्हणतो तसा ‘--ठळकरंग’ हा घरचा.

आडवी रेघ :
घरचा गुणधर्म! मुलं हसतील, पण विसरणार नाहीत.

पोटफोड्या ष :
तीस वर्षं गणित शिकवलं, निवृत्त झालो. संगणकातलं फार कळत नाही, पण क्रियापदं शोधायला लांब जायचं कारण नाही. आठवीच्या मुलाला आपण काय सांगतो? ‘क्ष ची किंमत काढा.’ आणि ती मिळाली की? ‘क्ष = ३ ही किंमत समीकरण १ मध्ये ठेवून.’ किंमत ठेवणे, किंमत काढणे. तुमचं सेट आणि गेट मराठी माध्यमाची मुलं वर्षानुवर्षं रोज करतायत.

किंमत की मूल्य, हा वाद येईल म्हणून आधीच सांगतो. किंमत म्हटलं की बाजार आठवतो हे खरं, पण मूल्य म्हटलं की मुलांना परिपाठातलं मूल्यशिक्षण आठवतं. त्यापेक्षा बाजार बरा.

रिकामा कंस :
सर, ‘ठेवणे’ एकदम मान्य. ऑफिसात आम्ही ‘त्यात व्हॅल्यू टाक’ म्हणतो, पण ‘टाकणे’ला फेकण्याचीही छटा आहे. ठेवणे सभ्य आहे.

‘काढणे’ला मात्र माझा विरोध. डब्यातून पीठ काढलं की डबा हलका होतो, खात्यातून पैसे काढले की शिल्लक कमी होते. गुणधर्माची किंमत कितीदाही विचारा, ती जागच्या जागी असते. दुसरं असं की गुणधर्म सरळ हटवायलाही एक आज्ञा आहे, ‘रिमूव्ह-प्रॉपर्टी’. तिला काय म्हणाल? तेही काढणेच! तिसरं, आपण रंगाबद्दल बोलतोय. ‘रंग काढ’ म्हटलं तर एक मुलगा किंमत विचारेल, दुसरा रंग घालवेल आणि तिसरा चित्राची वही उघडेल.

पोटफोड्या ष :
अहो, हे पीठ काढणं नव्हे, हिशेब काढणं. हिशेब काढला म्हणून दुकानातला माल कमी होत नाही.

रिकामा कंस :
सर, तुमच्या या एका वाक्यावर जेवताना विचार करत बसलो होतो. माघार घेतो, पण अर्धीच. कारण सीएसएसमध्ये ‘गेट’ दोन तऱ्हेचं आहे, आणि मराठीत त्यांना दोन वेगळी क्रियापदं मिळतायत.

पहिली तऱ्हा : पानावरच्या एखाद्या घटकाच्या (बटण, शीर्षक वगैरे) ‘स्टाइल’ला थेट विचारायचं, तुझ्यावर काय लिहिलंय? तो फक्त स्वतःच्या अंगावर लिहिलेलं सांगतो. वरून, म्हणजे तो ज्यांच्या पोटात आहे त्या आईबाप घटकांकडून, काय आलंय ते त्याला माहीत नाही. बहुतेक नवशिके इथेच फसतात. पानाच्या मुळाशी ‘--ठळकरंग’ ठेवलेला असतो, बटण लाल दिसत असतं, आणि बटणाच्या ‘स्टाइल’ला विचारलं की उत्तर कोरं. ऑफिसातली भाषा : “अरे, ब्लँक येतंय.”

दुसरी तऱ्हा : ‘गेट-कम्प्युटेड-स्टाइल’मार्फत विचारायचं. इथे ब्राउझर सगळे नियम पाहतो, कोणाचा नियम वरचढ ते ठरवतो, वरून काय उतरलंय ते बघतो आणि मग उत्तर देतो. घरच्या गुणधर्मात दुसऱ्या घरच्या गुणधर्माचा हवाला दिला असेल, तर तोही सोडवून देतो. पहिल्या तऱ्हेत मात्र हवाला जसाच्या तसा मिळतो.

म्हणून पहिलं ‘वाचणे’, दुसरं ‘काढणे’. इंग्रजीत दोन्हीकडे तेच ‘गेट’ आहे. ‘रिमूव्ह’ला मग ‘काढून टाकणे’, आणि तिथे ‘टाकणे’ गाळायचं नाही.

एक पुरवणी, नाहीतर उद्या कोणी मान धरेल : घरच्या गुणधर्मात ‘कॅल्क’ने दहा अधिक पाच पिक्सेल अशी बेरीज ठेवली, तर हिशेब काढूनही पंधरा मिळत नाहीत, बेरीजच परत मिळते. ब्राउझरच्या लेखी तो नुसता मजकूर असतो.

आडवी रेघ :
ठेवणे, वाचणे, काढणे, काढून टाकणे. टिपणात घेतलं.

‘नुसता मजकूर’ यावरून कालची गोष्ट सांगते. एका मुलीने ‘--ठळकरंग’मध्ये देवनागरीत ‘लाल’ ठेवलं. किंमत काढली तर ‘लाल’ बरोबर मिळालं. तिला वाटलं जमलं. पण शीर्षक काही लाल होईना, सभोवतालच्या मजकुरासारखं काळंच राहिलं. कुठे तक्रार नाही, चूक दाखवणारी ओळ नाही. घरच्या गुणधर्मात काहीही ठेवता येतं, ‘आजीचा चष्मा’सुद्धा. ते निरुपयोगी आहे हे ‘कलर’मध्ये वापरायला गेल्यावर कळतं, आणि तेव्हा ‘कलर’ मुकाट्याने वरच्याचा रंग घेऊन बसतो.

माजघर :
वरच्याचा घेतो म्हणजे ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. या म्हणीतला वाण म्हणजे रंगच.

रिकामा कंस :
नाही लागू पडत ताई. ढवळ्या शेजारी आहे. सीएसएसमध्ये शेजाऱ्याचा गुणही लागत नाही आणि वाणही नाही, फक्त वरून खाली उतरतं. ‘खाण तशी माती’ चालेल. तेसुद्धा सगळ्या गुणधर्मांना नाही. रंग उतरतो, मार्जिन उतरत नाही. घरचे गुणधर्म मात्र आपण वेगळं सांगितलं नाही तर उतरतातच.

देवनागरी नावं वापरताय म्हणून एक इशारा, पदरचे दोन तास घालवून मिळालेला. मी एकदा ‘--किनाऱ्याचारंग’ असं नाव दिलं होतं. ठेवलं एका फाइलीत, काढलं दुसरीत. उत्तर कोरं. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली, भिंग लावलं तरी फरक नाही. शेवटी अक्षरांचे क्रमांक तपासले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, साध्या ‘र’चा क्रमांक ०९३० आणि नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा ०९३१. एका कळफलकाने ‘ऱ्या’ लिहिताना ०९३१ वापरला होता. दुसऱ्याने साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींचा तोच ‘ऱ्या’. ब्राउझर नावं क्रमांकांनी ताडतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं.

पोटफोड्या ष :
म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ सगळीच वर्ज्य.

रिकामा कंस :
नावात तरी टाळाच, सर. किमतीत ठेवा हवं तर.

आडवी रेघ :
आमच्याकडे निम्मी मुलं मोबाइलवरून टिपणं पाठवतात, निम्मी वर्गातल्या जुन्या संगणकावर लिहितात. म्हणजे हे होणारच होतं. बरं झालं कळलं.

एक शेवटचं. घरच्या गुणधर्माचा प्रकार आधी जाहीर करायची सोय आहे ना, ‘अ‍ॅट-प्रॉपर्टी’? हा रंग आहे, हा वरून उतरेल की नाही, आणि काही ठेवलं नसेल तर सुरुवातीला काय धरायचं, असं सांगायचं असतं. त्याला काय म्हणू?

रिकामा कंस :
इंग्रजीत ‘रजिस्टर’ करणे म्हणतात, म्हणजे ‘नोंदणी’. नोंदणी केलेल्या गुणधर्मात मग ‘लाल’ किंवा ‘आजीचा चष्मा’ ठेवला तर ब्राउझर ती किंमत धरत नाही. लांबी म्हणून नोंदवला असेल तर वर म्हटलेली बेरीजही होते, पंधरा पिक्सेल मिळतात.

माजघर :
थांबा. वरून खाली उतरणं म्हणजे वारसा. आता नोंदणीही आली. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला काय उत्तर देणार आहात?

आडवी रेघ :
सातबारा नको म्हणून सांगितलंय. नोंदणीचा धडा पुढच्या रविवारी आहे, तेव्हा तो काय विचारेल याची धास्ती आहे.