२०० किमी बीआरएमची तयारी: बोटं बधिर होतात, मदत हवी आहे

मंडळी, दिवाळीनंतर पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची फार इच्छा आहे. साडेतेरा तासांच्या मुदतीत पाय पोचवतील. खंबाटकी घाटही सायकलवरून न उतरता चढून होतो. अडचण हातांची आहे. ऐंशी-नव्वद किलोमीटरनंतर करंगळी आणि अनामिका बधिर होतात, चिक्कीचं पाकीटसुद्धा दातांनी फाडावं लागतं. तळहाताच्या कडेची नस दाबली जाते म्हणे. जेलचे ग्लोव्हज घेतले, फारसा फरक नाही.

सीटचं टोक थोडं खाली झुकलेलं आहे, त्यामुळे सगळा भार हातांवर येत असेल का? आधी सीट सरळ करू, की स्टेम (हँडल सायकलला जोडणारा दांडा) आखूड घेऊ? हँडलला जाड टेप कुणी लावून पाहिली आहे का? घाट उतरताना ब्रेक नीट दाबला जात नाही, त्याचीच जास्त धास्ती वाटते. पुण्यात सायकल फिटिंग मनापासून करून देणारं कुणी असेल तर नक्की सांगा.