प्रतिसाद: एसआयपी चालू ठेवणं पुरेसं नाही

वर खारघरच्या सदस्यांनी लिहिलंय, "इंडेक्स फंडात एसआयपी चालू आहे, पडझड झाली तरी ॲप उघडत नाही, बाजार परत येतोच." (एसआयपी म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम; इंडेक्स फंड म्हणजे निर्देशांकातलेच शेअर्स घेणारा फंड.) रोज न पाहणं योग्यच. पण ही खात्री बहुतेकांना 2020 ने दिली आहे: निफ्टी (50 मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक) मार्चपर्यंत सुमारे 38 टक्के घसरला आणि नोव्हेंबरात जुन्या उच्चांकावर परतला. जानेवारी 2008 ची पातळी टिकाऊपणे ओलांडायला मात्र 2014 उजाडलं. जवळचा अनुभव मनाला नियम वाटतो, धोका तिथेच आहे.

शिवाय काहीही न करता जोखीम वाढत जाते. समजा 10 लाख, 70:30, म्हणजे 7 लाख इक्विटीत (शेअर्स) आणि 3 लाख डेटमध्ये (रोखे, व्याज देणारी गुंतवणूक). इक्विटीचे 7 चे 14 झाले, डेटचे 3 चे 3.6. आता इक्विटी जवळपास 80 टक्के. 40 टक्के पडझडीत 17.6 पैकी 5.6 लाख जातील, म्हणजे मूळ गुंतवणुकीच्या निम्म्याहून जास्त. घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता चालू असताना हा आकडा पाहून एसआयपी बंद करणारे पुष्कळ असतात, आणि तेही नेमकं तळाशी.

म्हणून वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, इक्विटी-डेटचं प्रमाण तपासा. मूळ प्रमाणापासून 5 टक्क्यांहून जास्त ढळलं असेल तर आधी नवीन एसआयपी डेटकडे वळवा. त्यात विक्री नाही, म्हणून कर नाही. तेवढ्याने भागलं नाही तरच इक्विटी विका. वर्षाहून जुन्या युनिट्सवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च मात्र या हिशेबाबाहेर, एफडीत हवेत.