मदत हवी आहे: गेममधल्या व्हॉइस चॅटवरच्या शिवीगाळीची तक्रार नेमकी कशी करायची?

मंडळी, माझी धाकटी बहीण अकरावीत आहे. ती मोबाइलवर चौघांच्या टीमचा शूटिंग गेम खेळते, आणि छान खेळते. पण माइक सुरू करून ती एक वाक्य बोलली, की मुलीचा आवाज ऐकून अनोळखी टीममेट घाणेरडं बोलायला लागतात. आता ती माइक बंदच ठेवते. टीमशी न बोलता असा गेम जिंकणं अवघड असतं, म्हणजे शिक्षा तिलाच!

रिपोर्टचं बटण मॅच संपल्यावरच्या स्क्रीनवर मिळतं. तिथे फक्त ठरावीक कारणांपैकी एक निवडता येतं, आवाजाचा पुरावा जोडता येत नाही. एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलवर २०२३ पासून व्हॉइस चॅटची ६० सेकंदांपर्यंतची क्लिप थेट तक्रारीसोबत पाठवता येते. मोबाइल गेममध्ये अशी सोय कुणी पाहिली आहे का?

तिच्या अँड्रॉइड फोनच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये समोरच्याचा आवाज येतच नाही. त्यासाठी कोणती सेटिंग लागते?

२०२१ च्या आयटी नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यावी आणि ठरावीक मुदतीत तक्रार निकाली काढावी असं आहे. गेम कंपनीच्या अशा अधिकाऱ्याला कुणी लिहिलंय का? मजकुरात प्लेअर आयडी, मॅचची वेळ आणि आणखी काय द्यावं? राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार केलेल्यांचा अनुभवही कळवा.

‘खेळणं सोड’ हा सल्ला कृपया नको. तिने का सोडावं?